अलाइनमेंट हिरवं, तरी मागची बाजू सटकते : दोष रचनेचा की बुशचा?

तक्रार साधारण नेहमी अशीच येते. "या सीझनमध्ये मागचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) तिसऱ्यांदा केलं. मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरवे. पाच-सहा दिवस गाडी सरळ जाते, मग पहिले पाढे पंचावन्न. जोरात ब्रेक मारला की नाक डावीकडे जातं. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागचं टोक आधीच निघालेलं असतं." आणि त्याला जोडूनच पुढचा प्रश्न येतो : "हा टॉर्शन बीम काढून मल्टिलिंक बसवावं का?"

(टॉर्शन बीम म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी एकच तुळई; मल्टिलिंक म्हणजे एकेका चाकाला धरणाऱ्या अनेक लिंका.) नका बसवू. निदान इतक्यात तरी नको. बरीच वर्षं रॅलीच्या सर्व्हिस क्रूमध्ये गाडीखाली आडवं पडून काढली आहेत, आणि ही तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत केवळ रचना वाईट म्हणून सटकणारी गाडी मला क्वचितच भेटली. भेटतो तो फाटलेला बुश (सांध्यातलं रबरी कडं), जागेवरून सरकलेला कॅम बोल्ट (फिरवून चाकाचा कोन ठरवायचा बोल्ट), नाहीतर गाडी खाली बसवताना कोणीतरी बिघडवलेली भूमिती (आर्म-लिंकांचे कोन). रचनेचा अभ्यास तरीही लागतो, कारण लक्षण एकच असलं तरी प्रत्येक रचनेत त्याचं मूळ वेगळ्या ठिकाणी असतं. कुठे बघायचं हे रचना सांगते.

मागच्या चाकांना स्टिअरिंग नसतं, पण ती वळतात. चाक वर-खाली झालं, ब्रेकने मागे ओढलं गेलं, वळणात आडवं दाबलं गेलं की थोडंसं वळतंच. अलाइनमेंट मशीन माप घेतं ते उभ्या गाडीचं. तिथे ना ब्रेक लागलेला असतो, ना गाडी कललेली असते. त्यामुळे हिरवा कागद खोटा नसतो, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. पंधरा इंची रिम कडेपासून कडेपर्यंत साधारण ४०० मिलिमीटर भरते. रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा १ मिलिमीटर बाहेर असेल, तर ते चाक ०.१४ अंश, म्हणजे साडेआठ मिनिटं (साठ मिनिटांचा एक अंश) टो-आउट, म्हणजे पुढून बाहेर वळलेलं आहे. मागे मुद्दाम ठेवलेला टो-इनही (पुढून आत वळणं) असाच काही मिनिटांचा असतो. एक बुश दोन मिलिमीटर हलला की तो टो-इन संपून चाक उलट्या दिशेला बघायला लागतं. इतक्याने ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो.

नेमकं कधी सटकते?

पान्हा उचलण्याआधी गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न खोदून खोदून विचारा. "सगळीकडेच सटकते" हे उत्तर स्वीकारू नका.

सरळ रस्त्यावर, फक्त ब्रेक मारताना सटकत असेल तर चाक मागे ओढलं जाताना वळतंय. म्हणजे पुढे-मागे जाणारा जोर ज्या बुशवर येतो तो तपासायचा : ट्रेलिंग आर्मचा पुढचा बुश, बीमचे दोन बुश, लाइव्ह ॲक्सलच्या लिंकांचे बुश (या रचना पुढे येतात). ॲक्सिलरेटर सोडल्यावर सटकत असेल तर दोन गोष्टी एकदम घडतात. वजन पुढे जाऊन मागची बाजू उचलली जाते, आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर इंजिन चाकांना मागे खेचतं. इथे भूमिती आणि बुश दोघांवर संशय. वळणात ॲक्सिलरेटर स्थिर ठेवूनही मागची बाजू हळूहळू बाहेर जात असेल तर आडव्या लिंका, हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) बेअरिंग आणि अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) बघा. सरळ जाताना एकच चाक खड्ड्यातून गेलं आणि गाडीने दिशा सोडली, तर भूमिती.

ब्रेक मारल्यावर नाक डावीकडे गेलं की सगळे पुढच्या ब्रेककडे धावतात. पण मागचं उजवं चाक ब्रेकखाली टो-आउट झालं, तर तेही शेपटी उजवीकडे नेतं आणि नाक डावीकडे वळवतं. सीटवर बसलेल्याला दोन्हीतला फरक कळेलच असं नाही. एका गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर, पाइप आणि पॅड बदलून झाले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिची गोष्ट पुढे सांगतो.

पट्ट्याची चाचणी

मशीन जे दाखवत नाही ते घरच्या घरी बघता येतं. लागतं काय : सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा, पत्र्याचे चार चौकोनी तुकडे, ग्रीस, नायलॉनची दोरी, दोन स्टँड आणि पोलादी फूटपट्टी.

पत्र्याच्या दोन तुकड्यांमध्ये ग्रीस लावून ती जोडी मागच्या एका चाकाखाली सरकवा, दुसरी जोडी दुसऱ्या चाकाखाली. आता चाक जमिनीला धरून बसत नाही. गाडी चाकांवरच उभी आहे, म्हणजे सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आहे. हे महत्त्वाचं. पुढच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. गाडीच्या बाजूने स्टँडवर दोरी ताणून बांधा, हबच्या उंचीला, गाडीच्या मध्यरेषेला समांतर. दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत अंतर मोजा. ही झाली सुरुवातीची नोंद.

आता हँडब्रेक ओढा. पट्टा टायरच्या खालच्या भागाला, जमिनीच्या जितका जवळ बसेल तितका, वेढून मागच्या पक्क्या आधाराला अडकवा आणि रॅचेटने ताणा. ब्रेक मारल्यावर रस्ता चाकाला ज्या दिशेने ओढतो, तीच ही दिशा. हँडब्रेक लावल्यामुळे ब्रेकचा पीळही हबपर्यंत पोहोचतो. पुन्हा पुढची कड, मागची कड. मग दुसरं चाक, तितकाच ताण. पट्टा ताणलेला असताना मागे उभं राहू नका, सुटला तर हाड मोडतो.

चाक थोडं हलणारच, रबर आहे म्हटल्यावर हलायलाच हवं. शोधायचा तो डाव्या-उजव्यातला फरक. त्या कॅलिपर बदललेल्या गाडीत डावं चाक अर्धा मिलिमीटर हललं, उजवं साडेतीन मिलिमीटर टो-आउट झालं. साडेतीन मिलिमीटर म्हणजे अर्धा अंश. एका हाताने रॅचेट ताणत होतो आणि दोरीशेजारी रिमची कड डोळ्यांदेखत सरकत होती. पट्टा सोडला की चाक परत जागेवर. मशीनवर गाडी चढवली असती तर पुन्हा हिरवा कागद मिळाला असता.

दुसरी चाचणी भूमितीची. गाडी स्टँडवर घ्या, स्प्रिंगा काढा, अँटी-रोल बारची लिंक सोडा आणि हबखाली जॅक लावून चाक तळापासून वरपर्यंत १० मिलिमीटरच्या टप्प्यांनी उचला. प्रत्येक टप्प्याला दोरीपासूनची दोन्ही अंतरं लिहून घ्या. डावी-उजवी बाजू सारखीच वागत असेल तर तो रचनेचा स्वभाव. एकच बाजू वेगळी वागत असेल तर वाकलेला आर्म, नाहीतर आर्म बसतो तो कंसच वाकलेला. रॅलीच्या गाडीत दुसरी शक्यता नवल नाही, दगडावर एकदा आपटली की पुरे. जमिनीवर उभ्या गाडीची जी उंची आहे तिच्या आसपासचे ३०-४० मिलिमीटर सगळ्यात महत्त्वाचे, बाकीचं टोकाचं माप माहितीपुरतं.

परत परत का होतं : बुश हवेत आवळला जातो

त्या गाडीला मागे मोठा ट्रेलिंग आर्म होता आणि त्याच्या पुढच्या टोकाला मुठीएवढा रबरी बुश. बुश काढला तर रबर आतल्या नळीपासून अर्ध्या वर्तुळात सुटलेलं. मालक म्हणाला, हा चार महिन्यांपूर्वीच नवा टाकलाय. बिलही दाखवलं. त्याआधीचाही असाच गेला होता.

कारण बसवण्यात होतं. या प्रकारच्या बुशमध्ये रबर आतल्या नळीलाही चिकटवलेलं असतं आणि बाहेरच्या कड्यालाही. बोल्ट आवळला की आतली नळी कंसात घट्ट धरली जाते, पुढचं सगळं फिरणं रबराच्या पिळातून होतं. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबराला वाटतं हीच आपली नेहमीची जागा. गाडी खाली उतरवली की आर्म वर फिरतो आणि उभ्या गाडीतच रबर पिळलेलं राहतं. वर खड्डा आला की आणखी पीळ. ते चार महिने टिकलं हेच नवल.

म्हणून रबरी बुशचे बोल्ट आधी हलके अडकवायचे, गाडी चाकांवर आणायची किंवा हबखाली जॅक लावून नेहमीच्या उंचीला आणायची, आणि मग टॉर्क द्यायचा. उंची बदलली, म्हणजे कॉइलओव्हरने (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरची जोडी) गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली, तर सगळे बोल्ट सैल करून नव्या उंचीला पुन्हा आवळायचे. हे दुसरं काम जवळजवळ कोणीच करत नाही. पॉलियुरेथेनच्या बहुतेक बुशमध्ये आतली नळी मोकळी फिरते, त्यामुळे तिथे हा नियम लागत नाही. त्यांचा खेळ ग्रीसवर चालतो आणि ते संपलं की कुरकुर सुरू होते.

बुशला दिशाही असते. कित्येक बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे एका दिशेने मऊ, दुसऱ्या दिशेने कडक. प्रेसवर बसवताना तो वीस अंश फिरला तर भाग कंपनीचाच असूनही चाक भलतीकडे वळतं. जुना काढण्याआधी आर्मवर मार्करने खूण करा.

आता रचनेप्रमाणे

*लाइव्ह ॲक्सल.* दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. दोन्ही एकदम वर-खाली झाली तर टो बदलत नाही, कॅम्बरही (चाकाचं वरून आत-बाहेर झुकणं) नाही. बदलते ती अख्ख्या ॲक्सलची दिशा. गाडी कलली की एका बाजूची लिंक ॲक्सलला पुढे नेते, दुसरी मागे, आणि पूर्ण ॲक्सल स्टिअर होतो. लिंकांचा कोन बिघडला, उदाहरणार्थ गाडी खाली घेतली किंवा मागे जास्त उचलली, की हा स्वभाव बदलतो.

ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडची गंमत वेगळी. रॉड वर्तुळात फिरतो, म्हणून ॲक्सल वर-खाली होताना थोडा आडवाही सरकतो. रॉड ९०० मिलिमीटर लांब आणि आडवा असेल, तर ४० मिलिमीटर हालचालीला जेमतेम १ मिलिमीटर सरकतो. पण १२० मिलिमीटरला ८. रॅलीच्या लांब ट्रॅव्हलमध्ये (चाकाच्या वर-खाली हालचालीत) हे जाणवतं, म्हणून वॉट लिंकेज वापरतात, ते ॲक्सलला जवळपास सरळ रेषेत वर-खाली करतं. टोयोटाच्या एई८६ ला चार लिंका आणि एक आडवा रॉड आहे. तिथे मागचं टोक आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे झुलत असेल तर आधी त्या रॉडचे दोन बुश. ॲक्सिलरेटर देताना-सोडताना 'ठक्' आवाज आला तर वरच्या लिंकांचे.

ही जुनाट रचना म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी : फोर्ड एस्कॉर्टने ब्रिटनची आरएसी रॅली १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षं जिंकली, मागे लाइव्ह ॲक्सल घेऊन. दगडावर आपटून ॲक्सल सहसा वाकत नाही, आणि वाकला तर डोळ्यांना दिसतो.

*टॉर्शन बीम.* सगळ्यात जास्त शिव्या याला पडतात. वळणात बाहेरच्या चाकावर आडवा जोर येतो तेव्हा बीम आपल्या बुशवर थोडा फिरतो आणि बाहेरचं चाक टो-आउटकडे जायला बघतं. कारखाना यावर उपाय म्हणून बुश तिरके बसवतो, जेणेकरून बीम आडवा सरकताना उलट्या दिशेला वळेल. आता कोणीतरी 'सुधारणा' म्हणून सरसकट सगळीकडे कडक, गोल पॉलियुरेथेन बुश ठोकतो. तिरकेपणाचं काम संपतं. कधी गाडी खरंच बरी होते, कधी जास्त चंचल होते. मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

या रचनेत आतलं मागचं चाक वळणात हवेत उचलणं हा बिघाड नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, मागे कडक असलेल्या गाड्या असंच करतात. टो आणि कॅम्बर बदलायची बहुतेक बीममध्ये सोय नसते. हब आणि बीमच्या मध्ये पाचरीसारखी शिम घालून काम भागवतात. पण डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसत असेल तर शिमने झाकू नका, बीम वाकलाय.

बीम म्हणजे हळू गाडी, हा समज जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकने मोडला आहे. होंडा सिव्हिक टाइप आरची २०१५ ची पिढी मागे टॉर्शन बीम घेऊन ७ मिनिटं ५०.६३ सेकंदांत फिरली. २०१७ च्या पिढीला मल्टिलिंक मिळालं आणि वेळ ७:४३.८० वर आली. मल्टिलिंकचा विजय म्हणावा, तर २०१९ मध्ये रेनो मेगान आरएस ट्रॉफी-आर साध्या टॉर्शन बीमवर ७:४०.१ मध्ये आली. त्या गाडीतून मागची चाकं वळवणारी यंत्रणासुद्धा वजन वाचवायला काढून टाकली होती. टायर, वजन, इंजिन सगळं वेगळं असतं हे खरं. म्हणूनच एकट्या रचनेवर बोट ठेवता येत नाही.

*ट्रेलिंग आर्म.* पेजो २०५ सारखी. आर्म सरळ मागे जातो, चाक वर-खाली होताना कॅम्बर बदलत नाही, पण गाडी जितकी कलते तितकंच चाकही कलतं. ॲक्सिलरेटर सोडला की शेपटी निघते, हा २०५ जीटीआयचा प्रसिद्ध स्वभाव. तो बिघाड समजून दुरुस्त करू नका. बिघाड कुठे असतो, तर आर्म ज्या सुई-बेअरिंगांवर फिरतो त्यांत. पाणी शिरून ती झिजली की मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतात आणि बीम (इथे दोन्ही आर्म धरणारी आडवी नळी) कुरकुरतो. मागे दहा पावलांवर उभं राहून बघितलं तरी कळतं. अलाइनमेंटवाला इथे काहीच करू शकत नाही. बीम उतरवून बेअरिंग आणि शाफ्ट दोन्ही बदलायचे. शाफ्टवर खळगा पडलेला असताना नुसतं बेअरिंग बदललं तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

*सेमी-ट्रेलिंग आर्म.* बीएमडब्ल्यू ई३०, फोर्ड सिएरा, जुन्या पोर्शे ९११. इथे आर्म तिरक्या अक्षावर फिरतो, त्यामुळे कॅम्बर आणि टो एकाच गाठीत बांधलेले. गाडी खाली घेतली की चाक आत झुकतं आणि टोही हलतो. एक वेगळं सुधारता येत नाही. वर ही रचना ज्या गाड्यांत आहे त्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडताच इंजिन आर्मला मागे खेचतं आणि मऊ बुश चाकाला टो-आउट होऊ देतात. पोर्शेच्या अभियंत्यांनी १९७७ च्या ९२८ मध्ये यावर वाइसाख ॲक्सल काढला. आर्मच्या पुढच्या टोकाला अशी लवचीक जोडणी दिली, की चाक मागे ओढलं गेलं की उलट टो-इन व्हावं. त्या काळात हा फारच चतुर उपाय होता, मला आजही तो सगळ्यात देखणा वाटतो.

ई३० सटकत असेल तर क्रम असा : आर्मचे बुश, मग सबफ्रेमचे (आर्म ज्या चौकटीला जोडलेले असतात तिचे) दोन मोठे बुश, मग डिफरन्शियलचा मागचा बुश. सबफ्रेमचे बुश लोक विसरतात. अख्खी सबफ्रेमच गाडीखाली डोलत असेल तर आर्मला नवे बुश घालून काय उपयोग? सबफ्रेम आणि बॉडीच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवा, मोकळेपणा हाताला लगेच कळतो. आणि रचनेला दोष देण्याआधी एवढं ध्यानात असू द्या की १९८७ ची टूर द कॉर्स ही कॉर्सिका बेटावरची रॅली बर्नार बेगॅनने ई३० एम३ मध्ये जिंकली आणि १९८८ ची दिदिए ओरिओलने सिएरा कॉसवर्थमध्ये. दोन्हींना मागे सेमी-ट्रेलिंग आर्म.

*स्ट्रट.* स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांचा एकच उभा दांडा चाकाला धरतो. कागदावर ही सर्वांत अडाणी रचना वाटते. कलताना कॅम्बर नीट साथ देत नाही, आणि आडव्या जोराने दांडा नळीत घासतो. तरी लान्सिया डेल्टा चारही कोपऱ्यांत स्ट्रट घेऊन जागतिक रॅली स्पर्धेत (डब्ल्यूआरसी) १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं उत्पादकांची विजेती ठरली. फोक्सवागन पोलो आर डब्ल्यूआरसीलाही मागे स्ट्रटच होते, जरी रस्त्यावरच्या पोलोला बीम आहे. मातीच्या रस्त्यावर कॅम्बरच्या अचूकपणापेक्षा लांब ट्रॅव्हल, दणकटपणा आणि सर्व्हिसच्या मोजक्या मिनिटांत बदलता येणारा एकच भाग यांना किंमत जास्त.

सुबारू इम्प्रेझाच्या पहिल्या पिढीत प्रत्येक मागच्या हबला दोन आडव्या लिंका आणि एक ट्रेलिंग लिंक आहे, टो ठरतो मागच्या आडव्या लिंकेच्या कॅम बोल्टवर. इथली दोन दुखणी ठरलेली. पहिलं, हबमधून जाणारा लांब बोल्ट गंजून बुशच्या नळीत धरतो. दुसरं, कॅम बोल्ट सरकतो. नट पुरेसा आवळलेला नाही किंवा कंसाच्या कडा झिजल्यात, आणि एका जोरदार आपटीत टो बदलतो. याला पैशाचा नाही, पांढऱ्या मार्करचा उपाय आहे : अलाइनमेंट झाल्याबरोबर कॅमच्या चकतीवरून सबफ्रेमवर सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी गाडी सटकली की खाली वाकून रेघ बघा. रेघ तुटलेली दिसली तर निदान झालं.

*डबल विशबोन आणि मल्टिलिंक.* रॅलीत नियम मोकळे होते तेव्हा बऱ्याच अभियंत्यांनी मागे डबल विशबोन (वर-खाली दोन त्रिकोणी आर्म) निवडला. लान्सिया ०३७ ला तर मागे एकेका चाकाला दोन-दोन शॉकअब्सॉर्बर होते. रस्त्यावरच्या गाडीत मर्सिडीजने १९८२ च्या १९० मध्ये पाच लिंकांची रचना आणली आणि १९९८ च्या फोर्ड फोकसने मल्टिलिंक सामान्य हॅचबॅकपर्यंत पोहोचवलं. फायदा असा की टो, कॅम्बर आणि पुढे-मागे हलण्याचा मऊपणा हे तिन्ही बरेचसे वेगवेगळे ठरवता येतात. तोटा त्याच्याच पोटात आहे. लिंका जितक्या जास्त, तितके बुश जास्त, आणि प्रत्येक बुश थोडा थोडा सैल झाला की एकही 'खराब' सापडत नाही, पण गाडी मात्र सटकते. इथे पट्ट्याची चाचणी सोन्यासारखी. एक लिंक बदला, पुन्हा मोजा.

होंडा सिव्हिकच्या नव्वदच्या दशकातल्या गाड्या खाली घेतल्यावर मागचे टायर आतून झिजतात आणि सगळे कॅम्बरला शिव्या घालतात. कॅम्बर वाढलेला असतोच, पण टायरला कापतो तो टो. कॅम्बर किट लावून टो तसाच सोडला की सहा महिन्यांनी तेच रडगाणं. त्याच गाड्यांत ट्रेलिंग आर्मचा मोठा बुश फाटला की वर सांगितलेला ब्रेकचा प्रकार दिसतो.

फोकसच्या रचनेत पुढे-मागे जोर घेणारी पत्र्याची चपटी पाती आहे. ती आडवी लवते, लवायलाच केलेली आहे. सगळे बुश कडक करायच्या नादात तिथली लवचीकता मारली तर सस्पेन्शन अडकून बसतं आणि चाक अडखळत हलतं. स्प्रिंग काढून हात लावला की कळतं : चाक एका बोटाने नाही, पण दोन हातांनी सहज वर-खाली व्हायला हवं. अडकत असेल तर टो मोजण्यात अर्थ नाही, आधी अडकणं सोडवा.

टो दोषी नसेल तर

दोन्ही चाचण्यांत काहीच सापडलं नाही, तर शॉकअब्सॉर्बरचा रिबाउंड (स्प्रिंग परत उघडताना तो करतो तो विरोध) बघा. तो फार कडक ठेवला तर ओळीने आलेल्या खळग्यांवर स्प्रिंग पुरती उघडायच्या आत पुढचा खळगा येतो. गाडी मागून खाली खाली बसत जाते आणि शेवटी रबरी स्टॉपवर आदळून उडते. पहिल्या खळग्याला गाडी ठीक आणि पाचव्याला सटकते, अशी तक्रार असेल तर रिबाउंड तीन-चार क्लिक कमी करून तोच रस्ता पुन्हा चालवा. हबचं बेअरिंग हलवून बघा, चाक वर-खाली धरून. टायरचा दाब थंड असताना मोजा, डावा-उजवा सारखा आहे ना ते बघा. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं म्हणाल, तर हो.

दोष काढल्यानंतरच अलाइनमेंटला जा. ड्रायव्हरच्या वजनाइतकं ओझं सीटवर ठेवा, टाकीत नेहमीइतकं इंधन, आणि आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. मागचं पूर्ण झाल्यावर पुढचं. मार्करची रेघ ओढा, शे-दीडशे किलोमीटर जोरात चालवा आणि घरी येऊन पट्टा लावून पुन्हा मोजा. त्या कॅलिपर बदललेल्या गाडीच्या उजव्या चाकाने तेव्हा पाऊण मिलिमीटर दाखवलं, डाव्याने अर्धा. पुढचे जुने कॅलिपर मालकाने फेकले नव्हते, तेच परत लावून तो आता गाडी चालवतो.